अंजिराच्या बागेवर थंडीचा आघात : ओळख, प्रतिबंध आणि धोरण

(व्याख्यानाचा मजकूर)



नैसर्गिक आपत्तींचा विचार करताना पूर, दुष्काळ, भूकंप आणि चक्रीवादळ ही नावे प्रथम आठवतात. थंडीची लाट त्या मानाने दुर्लक्षित राहते, कारण तिचे आगमन गाजावाजा करीत नाही. आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो, रात्र शांतपणे सरते आणि सकाळी बागेतील कोवळे शेंडे काळवंडलेले दिसतात. हंगामी पिकाचे असे नुकसान झाले तर शेतकऱ्याचा एक हंगाम बुडतो. फळझाडाच्या बाबतीत हिशेब वेगळा असतो. लागवडीनंतर काही वर्षे केवळ खर्च करून वाढविलेले झाड एका रात्रीत जमिनीपर्यंत वाळले, तर पुढील अनेक वर्षांचे उत्पन्न धोक्यात येते. थंडीचे नुकसान वेळीच ओळखणे आणि ते टाळणे हा म्हणूनच फळबागायतदाराच्या उपजीविकेशी थेट निगडित असा प्रश्न आहे. अंजिराचे झाड हे या प्रश्नाचे चांगले उदाहरण होय.

अंजीर : झाड आणि प्रदेश

अंजीर हे वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच कुळातील झाड. त्याचे मूळ स्थान पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्रालगतचा प्रदेश मानले जाते. कोरडी हवा, भरपूर ऊन आणि सौम्य हिवाळा त्याला मानवतो. झाड पानझडी असल्यामुळे थंड प्रदेशात ते हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेते. या विश्रांतीसाठी सफरचंदासारख्या फळझाडांना दीर्घकाळ थंडी लागते, तर अंजिराची ही गरज अत्यल्प असते. उष्ण प्रदेशातही त्याची लागवड यशस्वी होते, ती यामुळेच.

भारतात अंजिराची व्यापारी लागवड मुख्यत्वे महाराष्ट्र व कर्नाटकात आढळते. गुजरात, उत्तर प्रदेश आणि तामिळनाडूतही काही प्रमाणात झाडे आहेत. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका या फळासाठी विशेष प्रसिद्ध असून ‘पुरंदर अंजीर’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले. याच तालुक्यातील जाधववाडी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वतीने अंजीर व सीताफळ या पिकांवर संशोधन चालते. हिमालयाच्या पायथ्याशी आणि मध्यम उंचीच्या डोंगरउतारांवर अंजिराचा ‘बेडू’ हा रानटी भाऊबंद आपोआप उगवतो.

पुरंदरच्या पठारावर अंजिराचे दोन बहार घेतले जातात. पावसाळ्याच्या तोंडावर धरलेल्या खट्टा बहाराची फळे हिवाळ्यात येतात, तर पावसाळा संपताना धरलेल्या मीठा बहाराची फळे उन्हाळ्यात तयार होतात. येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. उत्तरेत कडक थंडीच्या काळात अंजिराचे झाड बहुधा निष्पर्ण आणि सुप्त असते. दख्खनमध्ये मात्र त्याच काळात झाडावर पाने असतात, कोवळी फूट असते आणि फळेही असतात. त्यामुळे उत्तरेच्या तुलनेत सौम्य असलेली थंडीही दख्खनच्या बागेला जाणवते, फक्त तिचे परिणाम वेगळ्या स्वरूपात प्रकट होतात.

थंडीची लाट आणि दहिवर

परीक्षेच्या दृष्टीने थंडीची लाट आणि दहिवर या दोन संकल्पनांतील फरक स्पष्ट असणे आवश्यक आहे. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी घटले असेल, तर थंडीची लाट मानली जाते. घट ६.४ अंशांहून अधिक असल्यास ती तीव्र लाट ठरते. मैदानी भागात प्रत्यक्ष किमान तापमान ४ अंशांपर्यंत खाली आले तरी थंडीची लाट आणि २ अंशांपर्यंत आले तर तीव्र लाट समजली जाते. उत्तर भारतात पश्चिमी विक्षोभ पुढे सरकल्यानंतर आकाश स्वच्छ होते, वायव्येकडून थंड व कोरडे वारे वाहू लागतात आणि अशा लाटा निर्माण होतात. त्यांचा प्रभाव अधूनमधून मध्य प्रदेश, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो.

दहिवर म्हणजे पृष्ठभागावर साचलेले हिमकण. निरभ्र रात्री जमीन आणि वनस्पती दिवसा साठविलेली उष्णता प्रारणाद्वारे आकाशाकडे सोडतात. ढग असतील तर त्यातील काही उष्णता परत मिळते. आकाश मोकळे असेल तर ती निघून जाते. वारा नसेल तर वरची उबदार हवा खाली मिसळत नाही आणि जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो. उंचीनुसार तापमान घटण्याऐवजी वाढत जाण्याच्या या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात.

वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, छायेतील पेटीत ठेवलेला असतो. त्यावर ३ किंवा ४ अंश तापमान दिसत असतानाही जमिनीलगतच्या पानाचे तापमान शून्यापर्यंत उतरू शकते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठल्याचे वृत्त येते, पण वेधशाळेतील नोंद शून्याच्या बरीच वर असते. ही विसंगती वाटली तरी तिचे कारण वरील प्रक्रियेतच आहे. बागायतदाराने केवळ वृत्तपत्रातील आकड्यावर विसंबून राहू नये, असे सांगितले जाते ते यासाठीच.

पेशीच्या पातळीवर काय घडते?

तापमान गोठणबिंदूच्या खाली गेले की प्रथम पेशींच्या मधल्या जागेत बर्फ तयार होतो. हा बर्फ पेशीतील पाणी बाहेर खेचून घेतो. पेशी आतून कोरडी पडते, तिच्या पटलाला इजा होते आणि बर्फ वितळल्यावरही ती पूर्ववत होत नाही. तापमान फार वेगाने उतरले तर पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक बनतात आणि पेशी मरते. सकाळच्या उन्हात पाने उकडल्यासारखी लिबलिबीत होऊन नंतर काळी पडतात, ती फुटलेल्या पटलांतून रस झिरपल्यामुळे.

झाड थंडी किती सोसेल, हे केवळ तापमानावर ठरत नाही, तर झाडाच्या अवस्थेवरही अवलंबून असते. दिवस लहान होत जातात आणि थंडी हळूहळू वाढते, तेव्हा झाड वाढ थांबवते, लाकूड पक्व करते आणि पेशींत शर्करेसारखे घटक साठवते. पूर्ण सुप्तावस्थेतील प्रौढ अंजीर शून्याखाली सुमारे ९ ते ११ अंशांपर्यंत तग धरू शकते. याउलट वाढीच्या अवस्थेतील झाडाच्या कोवळ्या फुटीला शून्याखाली जेमतेम १ अंश तापमानही घातक ठरते. एकाच झाडाच्या सहनशक्तीत पडणारे हे अंतर या विषयाचे मर्म आहे. हिवाळ्याच्या मध्यात काही दिवस ऊब वाढली, झाडाने फूट काढली आणि पाठोपाठ थंडीची लाट आली, तर सर्वाधिक हानी होते.

नुकसानीची ओळख

थंडीची लक्षणे झाडाच्या वेगवेगळ्या भागांवर आणि वेगवेगळ्या वेळी दिसतात. पाने व शेंडे एक-दोन दिवसांत काळे पडून माना टाकतात. लहान फळे सुरकुततात, त्यांची वाढ थांबते आणि ती गळून पडतात. एक वर्षाच्या काड्यांवरील इजा लगेच दिसत नाही. त्यासाठी काडीची साल नखाने किंवा चाकूच्या टोकाने किंचित खरवडून पाहावी. आतील थर हिरवट व ओलसर असेल तर काडी जिवंत आहे. तो तपकिरी आणि कोरडा असेल तर काडी मेलेली आहे. तपासणी शेंड्याकडून बुंध्याकडे करीत गेल्यास इजा कोठपर्यंत पोहोचली, ते समजते.

खोडावरील इजा सर्वांत फसवी असते. हिवाळ्यात दुपारचे ऊन खोडाच्या नैर्ऋत्य बाजूला तापवते, तेथील पेशी क्रियाशील होतात आणि रात्री तापमान झपाट्याने घसरताच त्या मरतात. त्या बाजूची साल उभी तडकते किंवा सैल होते. या भेगांतून बुरशीचा शिरकाव होतो आणि दुर्बल झालेल्या झाडाकडे खोडकिडा आकृष्ट होतो. थंडीने सुरू केलेले नुकसान रोग व कीड पूर्ण करतात, असे यामुळे घडते. काही झाडे वसंतात उशिरा व तुरळक फुटतात, तर काही फुटून पुन्हा वाळतात. तीही हिवाळ्यातील इजेचीच उशिरा दिसणारी खूण असते.

दख्खनमधील बागेत शून्याखालील तापमान दुर्मीळ असल्याने लक्षणे सौम्य असतात. फळांची वाढ मंदावते, पक्वता लांबते आणि गोडी कमी भरते. अंजीर झाडावरून तोडल्यानंतर नीट पिकत नाही. त्यामुळे रेंगाळलेल्या पक्वतेचा फटका थेट बाजारभावात जाणवतो.

रोग आणि थंडी यांत गल्लत होऊ नये यासाठी नुकसानीचा आराखडा पाहावा. थंडीची इजा एका रात्रीनंतर संपूर्ण बागेत एकाच वेळी दिसते. सखल भागात आणि वाऱ्याच्या बाजूला ती जास्त असते, शेंड्यांवर तीव्र आणि खाली सौम्य असते. तांबेऱ्यासारखा बुरशीजन्य रोग ठिपक्यांनी सुरू होऊन क्रमाने पसरतो आणि पानांच्या खालच्या बाजूवर तांबूस पूड दिसते. मुळांशी पाणी साचल्यास पाने आधी पिवळी पडतात. निदान चुकले तर बुरशीनाशकाच्या फवारणीवर खर्च होतो आणि मूळ कारण तसेच राहते.

प्रतिबंधाचे तीन टप्पे

पहिला टप्पा लागवडीपूर्वीचा. थंड हवा जड असल्याने ती पाण्यासारखी उताराने खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. अशा जागेत अंजिराची लागवड टाळावी. जेथे थंडी तीव्र असते तेथे दक्षिणेकडे उतरणारी जमीन अधिक सुरक्षित असते. उत्तर व वायव्य दिशेला वारारोधक झाडांची रांग लावावी. मात्र उताराच्या खालच्या टोकाला दाट कुंपण घातल्यास थंड हवेचा मार्ग अडतो आणि ती बागेतच तुंबते. चांगल्या हेतूने केलेला उपाय उलटतो, तो असा.

दुसरा टप्पा हंगामी व्यवस्थापनाचा. ज्या प्रदेशात झाडाला हिवाळ्यात सुप्त व्हायचे असते, तेथे पावसाळ्यानंतर नत्रखताची मात्रा व पाणी हळूहळू कमी करावे, म्हणजे कोवळी फूट थांबून लाकूड पक्व होते. थंडीच्या तोंडावर छाटणी करू नये, कारण छाटणी नव्या फुटीला निमंत्रण देते. खोडाला चुन्याचा पांढरा लेप दिल्यास दुपारचे ऊन परावर्तित होते आणि साल तडकण्याचा धोका घटतो. पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत रोपांना पेंढा किंवा गवताच्या झापांनी आच्छादावे व आग्नेयेकडील बाजू उघडी ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन आत पोहोचते. उत्तर भारतात आंबा, पपई आणि लिंबूवर्गीय रोपांसाठी ही पद्धत रूढ आहे.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष थंडीच्या रात्रीचा. दहिवराचा इशारा मिळताच सायंकाळी हलके पाणी देणे हा सर्वांत सुलभ उपाय होय. ओलसर जमीन कोरड्या जमिनीपेक्षा दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती वरच्या थराकडे सहज पोहोचवते. विहिरीचे पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा उबदार असते, याचाही लाभ मिळतो. तुषार सिंचनामागील तत्त्व वेगळे आहे. एक किलो पाणी गोठताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकते आणि ही उष्णता फुटीचे तापमान शून्याच्या आसपास राखते. परंतु पाणी मध्येच थांबविल्यास बाष्पीभवनामुळे तापमान आणखी घसरते. म्हणून बर्फ वितळेपर्यंत तुषार चालू ठेवावे लागतात. रात्रभर वीज व पाण्याची खात्री नसेल तर हा मार्ग अवलंबू नये.

धूर करण्याची प्रथा देशभर आढळते. तिच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. जमिनीतून निघणारे दीर्घलहरी प्रारण अडविण्याची धुराच्या सूक्ष्म कणांची क्षमता कमी असते. शेकोटीचा जो उपयोग होतो तो मुख्यत्वे तिच्या उष्णतेमुळे आणि हवेच्या हालचालीमुळे. एका मोठ्या जाळापेक्षा विखुरलेल्या लहान शेकोट्या अधिक उपयुक्त ठरतात, कारण मोठ्या जाळाची गरम हवा विपरीततेचा थर भेदून वर निघून जाते. हवेच्या प्रदूषणाचा विचार करता धुरावर भिस्त ठेवणे योग्य नाही.

आच्छादनाच्या बाबतीतही तारतम्य हवे. जमिनीवरील पेंढ्याचा जाड थर मुळांना उबदार ठेवतो, परंतु जमिनीची उष्णता वर येऊ देत नाही. परिणामी वरच्या फुटीला दहिवराचा धोका वाढू शकतो. रोप टिकवायचे असेल तर मुळांचे रक्षण महत्त्वाचे, तर फळांवर आलेल्या बागेत फुटीचे रक्षण महत्त्वाचे. कशाला प्राधान्य द्यावयाचे, हे झाडाच्या वयावरून ठरवावे.

नुकसान झाल्यानंतर

थंडीने वाळलेली बाग पाहून लगेच कुऱ्हाड किंवा छाटणीची कात्री हाती घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. इजेची खरी मर्यादा नवी फूट येईपर्यंत कळत नाही. शिवाय घाईने केलेली छाटणी नवी कोवळी फूट काढते आणि पुढील थंड रात्री तीही जाते. वाळलेल्या फांद्या तोपर्यंत आतील भागाला थोडा आडोसाही देतात. फूट स्पष्ट दिसल्यावर जिवंत लाकडापर्यंत छाटावे आणि मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट लावावी. अंजिराचा चीक त्वचेला दाहक असल्याने हातमोजे वापरावेत.

या ठिकाणी अंजिराचे एक वैशिष्ट्य शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहते. आंब्याचे कलम जोडाच्या खालपर्यंत मेले तर खालून येणारी फूट खुंटाची, म्हणजे निराळ्या गुणांची असते. अंजिराची अभिवृद्धी प्रामुख्याने फाटे कलमाने, म्हणजे झाडाच्या काडीपासूनच होते. त्यामुळे वरचा भाग जमिनीपर्यंत वाळला तरी जिवंत मुळांतून येणारी फूट त्याच जातीची असते. त्यातील दोन-चार जोमदार फुटवे राखून झाड पुन्हा उभे करता येते. मेलेले समजून उपटलेल्या झाडासोबत ही संधीही जाते.

शासकीय व्यवस्था आणि तिच्यातील फटी

२००२-०३ च्या हिवाळ्यात उत्तर भारतात पडलेल्या प्रदीर्घ थंडीने आंबा, आवळा, पपई अशा फळझाडांची मोठी हानी केली. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने तिचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि थंडी ही शेतीची आपत्ती म्हणून चर्चेत आली. पुढे २०१२ मध्ये थंडीची लाट व दहिवर यांचा समावेश केंद्र सरकारच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत झाला. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये स्थापन झालेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून त्यासाठी मदत देता येते. या निधीत सर्वसाधारण राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के, तर ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी ९० टक्के ठरविण्यात आला. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांत बहुवार्षिक पिकांचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाल्यास हेक्टरी २२,५०० रुपये, कमाल २ हेक्टरपर्यंत, अशी तरतूद होती. ही मदत दिलासा म्हणून असते. बाग पुन्हा उभारण्याचा पूर्ण खर्च तिच्यातून निघत नाही.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या पुनर्रचित हवामान आधारित पीक विमा योजनेचे सूत्र वेगळे आहे. तिच्यात प्रत्यक्ष नुकसान मोजले जात नाही. संदर्भ हवामान केंद्रावरील तापमान ठराविक मर्यादेखाली गेले की भरपाई देय ठरते. फळपिकांसाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा संरक्षित रकमेच्या कमाल ५ टक्के ठेवण्यात आला. कोणते पीक आणि कोणता धोका समाविष्ट आहे, हे राज्याच्या अधिसूचनेवर अवलंबून असते. या पद्धतीत भरपाई जलद मिळण्याची शक्यता असते. तिची उणीव मात्र दहिवराच्या स्वरूपातच दडलेली आहे. केंद्र उंचवट्यावर आणि बाग खोलगट जागी असेल, तर बाग करपते आणि नोंद मर्यादेच्या वरच राहते. हवामान केंद्रांचे जाळे दाट करण्याची मागणी होते ती या कारणाने.

पूर्वसूचनेच्या आघाडीवर चित्र अधिक आशादायक आहे. हवामान विभागाचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो आणि २०१९ मध्ये ‘मेघदूत’ हे मोबाइल अॅप उपलब्ध झाले. दहिवराच्या बाबतीत एका दिवसाची सूचनाही मोलाची असते, कारण सायंकाळचे पाणी देण्यास तेवढा अवधी पुरतो. परंतु त्या सायंकाळी शेतीपंपाला वीज असेल तरच ही सूचना उपयोगी पडते. हवामानशास्त्र, वीजपुरवठा आणि कृषिविस्तार ही खाती एकमेकांना पूरक ठरली तरच माहितीचे रूपांतर संरक्षणात होते.

समारोप

अंजिराचे क्षेत्र देशाच्या एकूण फळबागांच्या तुलनेत लहान आहे. तरीही त्याच्या उदाहरणातून मिळणारे निष्कर्ष आंबा, पपई, द्राक्ष आणि लिंबूवर्गीय फळांनाही थोड्याफार फरकाने लागू पडतात. थंडीची हानी तापमानाच्या एका आकड्यावर ठरत नाही. झाडाची अवस्था, जमिनीचा उतार, मातीतील ओल आणि थंडी येण्याचा वेग हे घटक तितकेच निर्णायक असतात. यांपैकी थंडी थांबविणे कोणाच्याही हाती नाही. जागेची निवड, खत-पाण्याची वेळ, छाटणीचा महिना आणि नुकसानीनंतरचा संयम या गोष्टी मात्र शेतकऱ्याच्या हातातील आहेत. अचूक पूर्वसूचना, जवळचे हवामान केंद्र आणि वेळेवरची वीज या बाबी शासनाच्या हातातील आहेत. उद्या प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी या दोन्ही बाजू एकत्र पाहण्याची सवय लावून घ्यावी. पंचनाम्याला गेलेल्या अधिकाऱ्याला काळवंडलेली काडी खरवडून पाहता आली आणि ‘झाड उपटू नका, फूट येईपर्यंत थांबा’ एवढे सांगता आले, तरी एखाद्या कुटुंबाची काही वर्षांची मेहनत वाचू शकते.